सोलापुरात गुरांची प्रॅक्टिस सुरू करतोयस तर

व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत बसलेली म्हैस बघायला लवकरच बोलावणं येईल. मान पोटाकडे वळलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, म्हणजे दुग्धज्वर, रक्तातलं कॅल्शियम घटल्याने होणारा. नावात ज्वर असला तरी अंग गारच लागतं. 450 मिली कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली कोमट कर, शिरेतून 10-15 मिनिटं सावकाश सोड आणि स्टेथोस्कोप हृदयावरून हलवू नको. ठोके अडखळले की थांब. घाईत दिलेलं कॅल्शियम हृदय बंद पाडतं. नीट लागू पडलं की जनावर ढेकर देतं, शेण टाकतं, उठतं. या कामात एवढं रोख समाधान दुसरं नाही. (फी मात्र बऱ्याचदा उसाचं बिल आल्यावर.) पहिला दिवसभर कास पूर्ण पिळू नका, हे मालकाला बजाव. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर (शेंड्याकडच्या हिरव्या पानांवर) जनावर असेल तर त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कडबा आणि खनिज मिश्रण सुरू करायला लाव.

व्यायल्यावर अडकलेली वार काढताना खांद्यापर्यंतचे हातमोजे घाल, ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग माणसालाही होतो. रेबीजची लस आधीच घे: 0, 7 आणि 21 व्या दिवशी. "घशात काहीतरी अडकलंय, लाळ गळतेय" असं कुणी म्हणालं, तर तोंडात हात घालण्याआधी जनावराला कुत्रं चावलं होतं का ते विचार, रेबीजमध्येही असंच दिसतं.