मराठी मीडियमची आहे, क्लॅट झेपेल का आणि फॉर्म कुठं कुठं भरू?

तू लिहिलंयस की तू खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात पीयूसी फर्स्ट इयर (म्हणजे अकरावी) आर्ट्स, घरात कुणी वकील नाही, इंग्रजी पॅसेज घेतला की मधेच अडकायला होतं, तर क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय लॉ युनिव्हर्सिट्यांच्या प्रवेश परीक्षेच्या, मागं लागू का सरळ बीए करू. मी तुला तूच म्हणते हं, माझी धाकटी बहीण तुझ्याच वयाची आहे. मी पण त्याच बाजूची, रोज बसनं ये-जा करून पीयूसी केलेली, आणि आता बेळगावच्या कोर्टात प्रॅक्टिस करते.

लाग क्लॅटच्या मागं. पण एकट्या क्लॅटवर सगळं टाकू नको. आपल्याकडच्या मराठी पोरांना कर्नाटकाचंपण दार आहे आणि महाराष्ट्राचंपण, फक्त दोन्हीकडचे कागद वेळेत हातात पाहिजेत, आणि बहुतेकांना हे कळतं तेव्हा तारीख निघून गेलेली असते. माझं तेच झालं म्हणून एवढं लिहायला बसले.

२०१७ ची गोष्ट. क्लॅटला तेव्हा २०० प्रश्न असायचे, माझी रँक कुठल्याच एनएलयूला, म्हणजे राष्ट्रीय लॉ युनिव्हर्सिटीला, पुरली नाही. महाराष्ट्राची लॉ सीईटी, म्हणजे तिकडच्या लॉ कॉलेजांची प्रवेश परीक्षा, मात्र चांगली गेली होती. त्यांच्या ऍडमिशनमधे सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी वेगळा प्रकार असतो, टाइप ई म्हणतात त्याला, त्यात बसलीस तर तुला महाराष्ट्रातलीच धरतात, नाहीतर बाहेरच्या राज्यातली, आणि बाहेरच्यांच्या जागा अगदी कमी. मला हे कळलं फॉर्म भरताना. मग दाखल्यासाठी पळापळ. एका ऑफिसात सांगितलं असला दाखला आम्ही देतच नाही, दुसरीकडं म्हणाले साहेब मीटिंगला गेलेत, बाबा भातलावणी सोडून तीन दिवस माझ्याबरोबर फिरले, आणि कागद मिळाला तेव्हा कागद तपासायची तारीख होऊन गेली होती. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सीईटीला मार्क असून त्या वर्षी माझं महाराष्ट्रात काही झालं नाही.

म्हणून अभ्यासाच्या आधी कागद. महाराष्ट्राचा दावा असलेली ८६५ गावं आहेत, तुझं गाव त्या यादीत आहे का बघ, असेल तर गावाचा आणि मातृभाषेचा दाखला कुठल्या नमुन्यात पाहिजे ते सीईटी घेणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत असतं, आधीच्या वर्षाची पुस्तिका आत्ताच उतरवून घे आणि तुझ्या वर्षाची आली की परत ताडून बघ. कर्नाटकाच्या बाजूनं शाळेतनं स्टडी सर्टिफिकेट काढ, पहिलीपासूनचं. कारण बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमधे २५ टक्के जागा कर्नाटकात किमान दहा वर्षं शिकलेल्यांसाठी आहेत, आणि त्यात मीडियम विचारत नाहीत, मराठी शाळेत शिकलीस तरी ती शाळा कर्नाटकातलीच की! आपल्याकडची कितीतरी पोरं हे असं आपल्यासाठी नसेलच म्हणून सोडून देतात, मला त्याचं फार वाईट वाटतं. जात आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतनं, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल ऑफिसातनं, मिळतात, पण राज्याचा दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा असतो, एकावर दुसरं चालत नाही. आणि एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डवर, आधारवर, दाखल्यावर नाव एकसारखं आहे का ते या आठवड्यातच बघ. आपल्याकडं एकीकडं आडनाव असतं, दुसरीकडं नुसती इनिशियल, तिसरीकडं वडिलांचं नाव कन्नड उच्चारानं लिहिलेलं. दुरुस्तीला महिने जातात.

आता परीक्षा. क्लॅट इंग्रजीतच असते, १२० प्रश्न, १२० मिनिटं, बरोबर असला तर एक मार्क आणि चुकला तर पाव मार्क कापतात. इंग्रजी, चालू घडामोडी, लीगल रीझनिंग, लॉजिकल रीझनिंग आणि थोडं गणित. गणिताचे दहा-चौदाच प्रश्न असतात, दहावीचं टक्केवारी-गुणोत्तर नीट केलंस की झालं, आर्ट्सवाल्यांनी त्याला घाबरायचं काही कारण नाही. खरी परीक्षा वाचायची आहे. साधारण साडेचारशे शब्दांचा पॅसेज आणि त्यावर चार-सहा प्रश्न, म्हणजे एका पॅसेजला सगळं धरून पाचेक मिनिटं. तू अडकतेस ती इथंच, मी पण इथंच अडकले होते, आणि ते काही हुशारी कमी म्हणून नाही, सवय नाही म्हणून.

सवय लावायची एक पद्धत सांगते, मी ती पहिल्या अपयशानंतर शोधली आणि नंतर माझ्या मामेभावाला तशीच करायला लावली. सकाळी तरुण भारतमधे बातमी वाचायची, नीट, सुप्रीम कोर्टाचा निकाल असो, बजेट असो, कावेरीचं पाणी असो. मग तीच बातमी इंग्रजी पेपरात. विषय आधीच डोक्यात असतो त्यामुळं शब्द अडला तरी वाक्य पुढं सरकतं, डिक्शनरी दर ओळीला उघडावी लागत नाही. पहिले दोन महिने घड्याळ लावू नको. मग लाव. सुरुवातीला एका पॅसेजला आठ मिनिटं लागली तरी रडू नको, चार-पाच महिन्यांत ते अडीच-तीनवर येतं, भावाचं आलं. मनात मराठीत भाषांतर करत वाचायची खोड मात्र मोडायला लागते, त्यानंच वेळ जातो, आणि ती मोडायला रोजचं वाचन सोडून दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

लीगल रीझनिंगला कायदा पाठ लागत नाही. नियम पॅसेजमधेच दिलेला असतो, तो समोरच्या गोष्टीला लावायचा. समज एकानं वरच्या अंगाला शेततळं काढलं, ते फुटलं आणि खालच्या उसात पाणी शिरलं. पॅसेजमधे लिहिलंय की धोक्याची गोष्ट आपल्या जागेत आणून साठवली आणि ती निसटली तर चूक नसली तरी भरपाई द्यायची, अपवाद फक्त दैवी आपत्तीचा. हा नियम इंग्लंडमधल्या रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यातला, १८६८ चा, तिथंपण साठवलेलं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं होतं. आता प्रश्नात म्हटलंय की शेतकरी गरीब होता आणि त्यानं सगळी काळजी घेतली होती. आपण शेतकऱ्याची पोरं, आपलं मन लगेच म्हणतं, जाऊ दे की, त्याचा काय दोष. तिथंच मार्क जातो. काळजी घेतली की नाही हे त्या नियमात विचारलेलंच नाही. उत्तर मनातनं नाही, पॅसेजमधनं काढायचं, मी असे कितीतरी प्रश्न आपल्या न्यायबुद्धीनं सोडवून घालवले.

मॉक पेपर दुपारी दोन ते चारमधेच सोडव कारण परीक्षा त्याच वेळेला असते, जेवून झोप येते ती वेळ. आणि पेनानं ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोल रंगवायची सवय कर, फोनवरच्या टेस्टमधे ते कळत नाही. क्लासचं म्हणशील तर कन्सोर्टियमचे (क्लॅट घेणारी संस्था) सॅम्पल पेपर आणि मागचे पेपर आधी सोडव, दागिने ठेवून क्लास लावू नको, वाचनाचा वेग कुठलाच क्लास आणून देत नाही. परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला असते, म्हणजे तू सेकंड पीयूसीत असताना, फॉर्म त्याआधी साधारण ऑगस्टपासून. जनरलला फी ४,००० रुपये, एससी-एसटीला ३,५००. पीयूसीला जनरलला ४५ टक्के लागतात, एससी-एसटीला ४०.

महाराष्ट्राची सीईटी वेगळी आणि तुला जास्त सोयीची. पेपर मराठीतपण असतो, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं जीएलसी, कोल्हापूरचं शहाजी, सगळी लॉ कॉलेजं याच सीईटीतनं. पेपर मराठीत दिलास तरी पुढं पुस्तकं बहुतेक इंग्रजीच असतात, त्यामुळं वरचं वाचन वाया जात नाही. मामेभाऊ असाच पुण्याला गेला, त्याचे दाखले आम्ही सात-आठ महिने आधी काढून ठेवले होते.

आणि तिसरं दार घराजवळचं, ज्याला लोक उगीच खालचं समजतात. हुबळीच्या राज्य लॉ युनिव्हर्सिटीखालच्या कॉलेजांना एन्ट्रन्स नाही, पीयूसीच्या मार्कांवर पाच वर्षांचा कोर्स मिळतो. मी बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात शिकले, १९३९ पासूनचं कॉलेज, सरन्यायाधीश झालेले वेंकटरामय्या तिथंच शिकलेले. फी एनएलयूच्या मानानं किती कमी आहे ते घरच्यांना जरूर दाखव, तिकडं वर्षाला लाखांत जाते, एज्युकेशन लोन मिळतं पण ते फेडायचं तुलाच. म्हणून क्लॅटचा अभ्यास करताना पीयूसीचे मार्क सोडू नको, या दाराची किल्ली तीच आहे.

एक मात्र आग्रहानं सांगते, कुठंही शिक, कन्नड वाचायला-लिहायला पक्कं शिक. मराठी माणूस म्हणून तुला ते जड वाटेल, घरात कुणी काही बोलेलपण, सीमाप्रश्नाचा दावाच २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि आपण त्याच गोष्टी ऐकत मोठ्या झालो. पण खालच्या कोर्टाचं कामकाज कन्नडमधे चालतं, जमिनीचा उतारा कन्नडमधे येतो, आणि समोर बसलेल्या म्हाताऱ्या मावशी मराठीत विचारत असतात, बाई यात काय लिहिलंय, माझं शेत माझ्याच नावावर आहे ना? मला पहिलं वर्षभर दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला लागायचं.

या शनिवारी शाळेत जाऊन स्टडी सर्टिफिकेटचा अर्ज देऊन ये, सोबत एसएसएलसीच्या मार्क्स कार्डची झेरॉक्स ने. गाव यादीत सापडलं की सांग, पुढचा दाखला कसा काढला ते सगळं लिहून देते.