चेंडू माग

चि. छोकरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. शनिवारी मधल्या पट्ट्यात तुझ्या पायातून चेंडू गेला, त्यावर गोल बसला, आणि सोमवारी तू कोचला सांगून आलीस की मला उजव्या कडेला टाका. कारण काय, तर कडेला चुकलं की चेंडू फार तर रेषेबाहेर जातो, मधे चुकलं की सगळ्या मैदानाला दिसतं. मुद्दा बरोबर आहे. बरोबर आहे म्हणूनच वाचून माझं डोकं फिरलं.

तू छान खेळतेस, एका मॅचने काही होत नाही, वगैरे मी लिहिणार नाही. ते तुझा बाबा सांगेल, आणि वर पॅनकेकही करून घालेल. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती या पत्रात इतक्या वेळा येईल की तू वैतागशील. चेंडू माग.

तुझ्या पलंगाच्या वर कारोलिन सेगर आहे, स्वीडनच्या पिवळ्या जर्सीतली, सतरा नंबरची. पोस्टर तुझं असलं तरी तिला मी तुझ्यापेक्षा जास्त बघितलंय. माल्मो आयपी मैदानाच्या स्टँडमध्ये तिच्या क्लबने, रोसेनगोर्डने, गोल केला की तुम्ही मुली गोल करणारीकडे बघून उड्या मारायचात. मी तेव्हाही सेगरकडेच बघत असायचे. आपल्या डिफेंडरच्या पायात चेंडू आला की ही दोन पावलं सरकून मोकळी व्हायची, खांद्यावरून मागे एक नजर टाकायची, आणि हात खाली धरून दाखवायची, इथे दे. दिला तर ठीक. नाही दिला तर पुन्हा सरकायची, पुन्हा हात. मागून कुणीतरी आदळतंय, पाय तुडवला जातोय, तरी इथे दे.

स्वीडनसाठी ती २४० सामने खेळली. थांबली तेव्हा युरोपात बाई काय आणि पुरुष काय, एवढे आंतरराष्ट्रीय सामने कुणाच्याच नावावर नव्हते. आणि गोल किती? ३२. ही बाई गोलसाठी नव्हतीच. आपल्याकडे पंगतीत वाढणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही, पण पानात मीठ राहिलं की सगळे त्याच्याकडेच बघतात. मधल्या पट्ट्यात खेळणाऱ्या मिडफिल्डरचं तसंच असतं. तुला शनिवारी ते पहिल्यांदा कळलं, एवढंच झालंय.

आता टोकियोचं बोलू. तू तेव्हा लहान होतीस, तुझ्या आठवणीत फक्त मोठ्यांचे पडलेले चेहरे असतील. ६ ऑगस्ट २०२१, ऑलिंपिकची फायनल. ठरलेली वेळ सकाळची होती, पण ऊन इतकं की सामना योकोहामाला हलवून रात्री ठेवला. स्वीडन त्या स्पर्धेत तोवर एकही मॅच हरलं नव्हतं. पहिल्याच सामन्यात अमेरिकेला ३-० ने झोपवलं होतं. फायनलमध्ये ब्लॅकस्टेनियसने गोल केला, मग कॅनडाच्या फ्लेमिंगने पेनल्टीवर बरोबरी साधली. जादा वेळ संपला तरी १-१. शूटआउट सुरू झालं. स्वीडनच्या अस्लानीचा फटका पोलला लागला, पुढच्या दोघींनी आत मारले, आनवेगोर्डचा अडवला गेला. कॅनडाचेही तीन फुकट गेले होते. पाचवी किक कॅप्टन सेगरची, आणि हिशेब सोपा होता. आत गेला की सुवर्ण.

तिने बारवरून मारला.

मग कॅनडाने बरोबरी केली, आपल्या आंदेर्सनची किक अडवली गेली, कॅनडाच्या ग्रोसोने आत मारली, संपलं. सेगर तेव्हा छत्तीस वर्षांची होती. त्याच्या पाच वर्षं आधी रिओ ऑलिंपिकमध्येही फायनल हरून रौप्यच मिळालं होतं. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये जपानविरुद्धच्या सेमीफायनलच्या आधी, वॉर्मअपमध्येच तिची पोटरी दुखावली आणि तिला ती मॅच बाहेरून बघावी लागली. म्हणजे तू म्हणतेस ना, 'सगळ्यांना दिसतं', तर हिचं सगळ्या जगाला दिसलं.

इथे लोक पुढची कथा रंगवून सांगतात. मग ती कशी उठली, कशी झुंजली, शेवटी कसं सोनं मिळालं. नाही मिळालं गं. देशासाठी सोनं तिला कधीच मिळालं नाही. दोन ऑलिंपिक रौप्य आणि तीन वर्ल्ड कपची तीन ब्राँझ, यावर तिचं राष्ट्रीय खातं बंद झालं. म्हणून मला त्या अपयशातून यश छापाच्या भाषणांचा तिटकारा आहे. त्यात चेंडू मागण्याला बक्षीस लागतं. बक्षीस मिळणार असेल तर कोणीही मागेल.

तिने काय केलं ते बघ. माल्मोला परतली आणि मधेच उभी राहिली. त्याच वर्षी रोसेनगोर्डने लीग जिंकली, पुढच्या वर्षी पुन्हा. २०२३ च्या वर्ल्ड कपला वयाच्या ३८ व्या वर्षी गेली आणि बहुतेक वेळ बाकावर बसली. २०२४ ला रोसेनगोर्डबरोबर आणखी एक विजेतेपद घेऊन थांबली. त्या बारवरून गेलेल्या किकनंतरही ती तीन सीझन खेळली. तू एका शनिवारनंतर कडेला निघालीस.

रागावू नकोस. रागाव खरं तर, पण पत्र पुढे वाच.

तुझ्या वयाची असताना आणि नंतर कॉलेजात मी पुण्यात हाफ खेळायचे, म्हणजे तुझ्यासारखीच मधे. नव्वदच्या दशकात मुलींचा फुटबॉल म्हणजे मुलांची प्रॅक्टिस संपल्यावर उरलेला उजेड. राज्याच्या निवड चाचणीला गेले तेव्हा मी फार सभ्य खेळले. आलेला पास नीट पुढे दिला, कुणाच्या अंगावर गेले नाही, 'मला दे' असं एकदाही ओरडले नाही. आई म्हणायची, लायकी असली की लोक आपणहून बोलावतात. यादीत नाव आलं नाही. निवडणाऱ्यांना मी दिसलेच नव्हते, त्यात त्यांना काय दोष देणार? पुढे नोकरी, लग्न, स्वीडन. खेळ सुटला असं मी लोकांना सांगते. खेळ सुटत नसतो, आपण त्याला हाक मारायचं सोडतो. चल, पुरे. हे तुझ्या आईला सांगू नकोस, तिला वाटतं मला फुटबॉलचं वेड इथे आल्यावर लागलं.

आणि तू मेसेजच्या शेवटी जे हळूच लिहिलंयस, 'तू त्या मुलीसारखं माझं करू नकोस', त्याचंही उत्तर देते. ती मुलगी मी कोच असलेल्या टीममध्ये होती. पायात जादू आणि तोंडाला कुलूप. मी बाहेरून ओरडायचे, चेंडू माग, चेंडू माग. एका मॅचमध्ये ती रडली. पालकांची तक्रार गेली, आणि क्लबने मला गोड शब्दांत सात वर्षांच्या पोरांकडे पाठवलं. तिने पुढे फुटबॉल सोडला. माझ्यामुळे सोडला असं तिची आई म्हणते. मी तसं मानत नाही. तिला कडेला ठेवून, टाळ्या वाजवून, आणखी दोन वर्षं खेळवता आलं असतं, आणि मग ती कुणालाही न कळता गळाली असती. आमच्या प्रत्येक टीममधून अशा मुली गळतात, त्यांची तक्रार कुठेच जात नाही. आवाज जरा कमी ठेवायला हवा होता, हे कबूल. पण मी जे सांगत होते ते आजही सांगेन, तुलाही सांगतेय.

तुझ्या बाबाचा प्रश्न आहे की यात भविष्य काय. त्याला त्यूरेसोची गोष्ट सांग. स्टॉकहोमजवळचा क्लब, सेगर २०१२ मध्ये तिथे गेली आणि त्याच वर्षी लीग जिंकली. टीममध्ये मार्ता, बोकेते, क्रिस्टन प्रेस, एकेक नाव बघ. २०१४ च्या मे महिन्यात लिस्बनला चॅम्पियन्स लीगची फायनल, मध्यांतराला २-० ने पुढे, शेवटी जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गने ४-३ ने घेतली. आणि त्याच वर्षी क्लबचं दिवाळं वाजलं. सीझन अर्ध्यात सोडला, लीगमधले निकाल पुसले गेले. युरोपची फायनल खेळणारी टीम आणि काही आठवड्यांत टीमच नाही. त्याआधी सेगर अमेरिकेत फिलाडेल्फिया आणि वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडून खेळली होती. २०११ ला फ्लॅशबरोबर विजेतीही झाली, आणि पुढच्या वर्षी ती लीगच बंद पडली. म्हणजे बाबा म्हणतो ते खोटं नाही. बायकांच्या फुटबॉलमध्ये पायाखालची जमीन कागदाची असते. पण गांटोफ्तासारख्या हेल्सिंगबोर्गजवळच्या एवढ्याशा गावातली ही मुलगी दर वेळी पुढच्या ठिकाणी जाऊन उभी राहिली. त्यूरेसो बुडाल्यावर पॅरिसचा क्लब, तिथे बर्लिनमधली चॅम्पियन्स लीगची आणखी एक फायनल फ्रँकफुर्टने शेवटच्या क्षणी हिसकावली, मग फ्रान्समधलाच लियाँ. २०१७ ला कार्डिफमध्ये लियाँने चॅम्पियन्स लीग जिंकली, तीही तिच्या जुन्या पॅरिसविरुद्ध आणि तीही पेनल्टी शूटआउटवर, जिथे शेवटची किक दोन्हीकडच्या गोलकीपरांनी मारली. असले योगायोग मी लिहिले असते तर तू मला हसली असतीस.

आता कामाचं. चेंडू मागायचा म्हणजे नुसतं बोंबलायचं नाही. शनिवारचा तुझा व्हिडिओ मी बघितला. चेंडू तुझ्याकडे यायच्या आधी तू एकदाही मागे बघितलं नाहीस. पाठ पूर्ण समोरच्या गोलकडे, दोन्ही पाय एका रेषेत, आणि वळायला जागा आहे की नाही हे चेंडू पायात आल्यावर शोधायला लागलीस. तोवर ती उंच मुलगी तुझ्या अंगावर. पायाची चूक नव्हतीच. पास निघायच्या आधी एक नजर, पास वाटेत असताना दुसरी. अंग अर्धं वळवून उभं राहा, म्हणजे अर्धं मैदान आपोआप दिसतं. पलीकडच्या पायाने घे. वळायला जागा नसेल तर एका टचमध्ये परत दे आणि लगेच दुसरीकडे जाऊन पुन्हा माग. परत देणं ही हार नाही, सेगरने आयुष्यभर हेच केलं. आणि चेंडू गेला की जिथे गेला तिथेच धाव, डोक्याला हात लावून उभी राहू नकोस. शनिवारी तू उभी राहिलीस. गोल त्या उभं राहण्यामुळे बसला, चेंडू जाण्यामुळे नाही.

त्या गोलनंतरची चाळीस मिनिटंही मी बघितली. तू समोरच्या खेळाडूच्या सावलीत लपून खेळलीस, पास येऊच शकणार नाही अशा जागी. तुला वाटलं कुणाला कळणार नाही. मला कळलं, तुझ्या सेंटर-बॅकलाही कळलं. ती बिचारी चेंडू घेऊन तुला शोधत होती.

यिम्नासियमच्या, म्हणजे दहावीनंतरच्या शाळेच्या, अर्जापायी डोकं फार शिणवू नकोस. आईला नाटूर, म्हणजे सायन्स हवंय, तुला फुटबॉल. कितीतरी शाळांत दोन्ही एकत्र घेता येतं, सकाळी ट्रेनिंग आणि मग फिजिक्स. दोन्ही लिहून टाक. ते बोलणं मात्र आईशी तूच कर. मागे मी तुझ्या बाजूने बोलले तेव्हा त्या दिवाळीत तिने मला चकल्या करायला बोलावलं नव्हतं.

आधी कोचला कळव की जागा बदलायची नाही. आणि शनिवारी क्रिस्टियानस्टाडला मॅच आहे ना? बाबाच्या गाडीत माझ्यासाठी एक जागा ठेव. मागची नको, मला उलटी होते.

तुझी,
मावशी