माहीत असूनही हात वर का जातो?

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे. आमच्या फ्लॅट स्कीमच्या सभेत बोअरभोवतीचं अख्खं अंगण सिमेंटचं करायचा ठराव आला. पाणी मुरणार नाही हे कळत असूनही सगळ्यांबरोबर मी हात वर केला. त्याच सभेत अविवाहित मुलींना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असं ठरत होतं, तेव्हा मात्र मी एकटा विरोधात बोललो. असं का व्हावं?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : पाणी मुरेल की नाही, हा वस्तुस्थितीचा प्रश्न. तिथे सगळे उलट बोलले की ‘यांना काही जास्त ठाऊक असेल’ अशी शंका येते, आणि ती अगदीच गैर नसते. भाडेकरूंचा प्रश्न तुमच्या लेखी न्यायाचा. न्याय डोकी मोजून ठरत नाही असं मानणाऱ्याला बहुमत हा पुरावाच वाटत नाही. (अशी ठाम माणसं ऐकूनही घेत नाहीत, हा त्यातला धोका.)

ज्ञानाला मात्र खात्रीची जोड लागते. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत गटातले बाकीचे सगळे आधी ठरवून रेघांच्या लांबीबद्दल चुकीचं उत्तर देत, तेव्हा रेघा डोळ्यांसमोर असूनही एकट्या पडलेल्यांची सुमारे 37 टक्के उत्तरं गटाच्या चुकीमागे गेली. विरोधात तिघे असले तरी जवळपास पूर्ण दबाव येत होता. 1980 मध्ये पेरिन आणि स्पेन्सर यांनी ब्रिटनमधल्या इंजिनिअरिंग, गणित आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग केला, तेव्हा 396 पैकी एकच उत्तर ढळलं. मोजायची सवय हे त्याचं एक कारण मानतात.

तुमच्याकडे अंदाज होता, आकडा नव्हता. तो काढा. नागपुरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पाऊस होतो. अंगण 200 चौरस मीटर धरलं, तर त्यावर दोन लाख लिटर पाणी पडतं. सगळं मुरत नाही, पण सिमेंट झालं की जे थोडंफार मुरतं तेही नालीत जाईल.

हे पुढच्या सभेआधी लिहून, सही करून सेक्रेटरींकडे द्या. मनाशी ठरवणं पुरत नाही. डॉइच आणि जेरार्ड यांच्या 1955च्या प्रयोगात पुसून टाकता येणाऱ्या पाटीवर मत लिहिणारे सही करून देणाऱ्यांपेक्षा जास्त ढळले.

एक सोबतीही आधीच गाठा. अ‍ॅशच्या प्रयोगात खरं बोलणारा एक जण सोबत असला की चुका साधारण चौथ्या हिश्श्यावर आल्या, पण तो मध्येच फिरला की पुन्हा वाढल्या. म्हणून चहापुरता ‘हो’ म्हणणारा शेजारी नको. आणि हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्या टाकायची मागणी ठराव वाचायच्या आधीच करा. हात वर गेल्यावर ती कोणी ऐकत नाही.