कोरोनानंतर पुण्यात मुलांचं होस्टेल बांधायचं तर आराखड्यात काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की नऱ्ह्यात तुमची अकरा गुंठे जागा आहे, साठ मुलांचं होस्टेल काढायचंय, आणि आर्किटेक्टनं 'कोरोनानंतर आता असंच लागतं' म्हणत मधोमध पॅसेज, दोन्ही बाजूंना एसी सिंगल रूम आणि प्रत्येक रूमला अटॅच्ड संडास-बाथरूम असा नकाशा दिलाय. तो तसाच बांधावा का, हा तुमचा प्रश्न. बांधू नका, असं मी म्हणेन. मी स्वतः पुण्यात बावीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करतेय आणि त्याआधी सदाशिव पेठेत चार मुलींत कॉट बेसिसवर राहिलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हवेचं बघू. कोरोना हवेतून पसरतो हे सगळ्यांनी मान्य करेपर्यंत वर्षभराहून जास्त काळ गेला. तोवर आपण जिन्याचे कठडे पुसत होतो आणि खिडक्या बंदच होत्या. माझा भाचा उदगीरहून इथं इंजिनिअरिंगला आला. कॉलेजं पुन्हा सुरू झाल्यावर त्यानं आंबेगावात तिघांत एक खोली घेतली. दहा बाय बाराची, नवी कोरी, स्प्लिट एसी लावलेली. मी त्याच्या टेबलावर कार्बन डायऑक्साइड मोजायचं मीटर ठेवून आले. बाहेरच्या हवेत हा आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती, ते माप) आसपास असतो. रात्री अकराला त्यांनी दार-खिडकी लावली तेव्हा मीटर सातशेवर होतं, पहाटे पाचला २,८००. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय, ते हा आकडा सांगतो. तिघांतला एक आजारी असता, तर बाकीचे दोघं रात्रभर त्याचाच श्वास आत घेत राहिले असते. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आहे तीच गार करून फिरवतो. पंख्याचंही तसंच.

मधल्या पॅसेजचा नकाशा इथंच मार खातो. खोलीला एकाच बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला दार, आणि दाराबाहेर अंधारा बोळ. वारा आत येईल, पण जाईल कुठून? त्याऐवजी जुन्या चाळीत असायची तशी एका बाजूनं उघडी गॅलरी ठेवा, चांगली सहा फूट रुंद, आणि ती पश्चिमेला घ्या. पुण्यात पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं ऊनही तिकडूनच. पाऊस आणि ऊन गॅलरी अंगावर घेईल, वारा तेवढा आत येईल. खोल्यांच्या मोठ्या खिडक्या पूर्वेला, आणि गॅलरीकडच्या भिंतीत दारावर लूव्हर्सचं, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचं, हवेसाठीचं व्हेंटिलेटर, जे रात्री कडी लावल्यावरही उघडं राहील. गॅलरीत जागा जाते हे खरंय. पण मुलं संध्याकाळी बसतात, कपडे वाळत घालतात, शेजारच्याशी बोलतात ती हीच जागा. ती वाया जात नाही.

साइड मार्जिनबद्दल, म्हणजे इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेबद्दल, एक जुना हिशोब सांगते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये तिथं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्तीत उजेड-वारा पोचावा म्हणून त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. सोप्या भाषेत, समोरची भिंत खिडकीच्या वर जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर तरी मधे मोकळं पाहिजे. आजच्या परवानगीचे नियम वेगळे आहेत आणि ते पाळावेच लागतील, पण कुठली खोली अंधारी होणार हे कागदावर ओळखायला मी अजून हाच हिशोब करते. शेजारच्या प्लॉटवर उद्या पाच मजले चढतील असं धरूनच करा.

आता सिंगल रूमचं. लांब राहणं म्हणजे सुरक्षित, हे त्या दोन वर्षांत आपल्या मनात पक्कं बसलं. पण अठरा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा घर सोडून येतो, त्याला एकट्याला खोलीत कोंडलं तर तो ताप आल्याचंही कुणाला सांगत नाही. माझं म्हणणं असं की साठ खोल्यांचा विचारच करू नका, दहा घरांचा करा. एका घरात सहा मुलं: दोघांच्या तीन खोल्या, मधे बसायची जागा, छोटा ओटा आणि सिंक. दोन संडास, दोन बाथरूम आणि दोन बेसिन, सगळं सुटं-सुटं, म्हणजे सकाळी सहाही जण एकदम आवरू शकतात. तुमच्या नकाशात साठ अटॅच्ड आहेत. इथं वीस संडास आणि वीस बाथरूममध्ये काम होतं. प्लंबिंगचे वाचलेले पैसे गॅलरीत घाला.

इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांच्या होस्टेलांत बऱ्याच ठिकाणी अशीच, किचनभोवती पाच-सात खोल्यांची रचना असते. एक किचन वापरणारे सगळे एक कुटुंब, असं तिकडं कोरोनात धरलं गेलं. घरात एकाला लागण झाली की तेवढंच घर थांबवता येतं. हा आराखड्याचा फायदा खरा, पण तो वापरणाऱ्यावरही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात रुग्ण वाढल्यावर सुमारे १,७०० विद्यार्थ्यांना एकदम चौदा दिवस खोल्यांत थांबायला सांगितलं गेलं. तुमच्या होस्टेलवर अशी वेळ आली तर सहा जणांचं दार लागेल, साठांचं नाही, हे आजच ठरवता येतं.

आणि तो ओटा गाळू नका. मार्च २०२० मध्ये मेस आणि खानावळी बंद झाल्या तेव्हा पेठांत अडकलेल्या एमपीएससीच्या मुलांचे जेवणाचे जे हाल झाले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. खोलीत शेगडी ठेवायला परवानगी नाही, बाहेर डबा मिळत नाही. एक इंडक्शन, एक कुकर आणि तांदळाचा डबा ठेवायला जागा असती तर ती मुलं खिचडीवर निभावून गेली असती.

दर मजल्यावर एक खोली आजारपणासाठी ठेवा. तिला स्वतःचं बाथरूम हवं, गॅलरीतून वेगळं दार हवं, आणि गॅलरीकडं खिडकी हवीच हवी. मित्र बाहेर खुर्ची टाकून बसेल, डबा खिडकीतल्या कट्ट्यावर ठेवेल, दोन गोष्टी बोलेल. अशी खोली नेहमी कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीखाली दिली जाते आणि सहा महिन्यांत तिथं तुटक्या कॉट भरल्या जातात. तसं होऊ नये म्हणून एरवी ती पालकांना द्या. परभणीची, बीडची आई लाडवांचा डबा घेऊन येते, होस्टेलमध्ये थांबू देत नाहीत म्हणून रात्रीच्या एसटीनं तशीच परत जाते. तिला एक रात्र झोपायला मिळालं तर खोली झाडलेली राहील आणि तुम्हाला चार पैसेही मिळतील.

एक गोष्ट मला फार लागलेली आहे. लॉकडाऊन लागणार म्हणून भाचा तेव्हाच्या होस्टेलमधून एका सॅकवर गावी गेला. पुढं ती इमारत विलगीकरणासाठी घेतली आणि सगळ्यांचं सामान पोत्यांत भरून जिन्याखाली टाकलं. पावसाळ्यानंतर मी ते पोतं आणायला गेले. वर त्याच्या आजीनं शिवलेली गोधडी होती, बुरशीनं काळी पडलेली. खाली इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट, एकमेकींना चिकटून त्यांचा गठ्ठा झालेला. कुणाचं पोतं कुठलं हे खडूनं लिहिलं होतं, तेही पुसलेलं. म्हणून प्रत्येक मुलाला खोलीबाहेर, घराच्या मधल्या जागेत, जमिनीपासून उंच, ट्रंक मावेल एवढं स्वतःच्या कुलपाचं कपाट द्या. खोली रिकामी करायची वेळ आली तरी सामानाला हात लागणार नाही.

ऑनलाइन लेक्चर कमी झाली, पण नोकरीचे इंटरव्ह्यू ऑनलाइनच राहिलेत. रूममेट झोपलेला असताना मुलगा जिन्यात उभा राहून इंटरव्ह्यू देतो. दोन घरांत मिळून चार बाय पाचची एक खोली काढा, आत टेबल, वायरचं इंटरनेट आणि राउटरला बॅटरी. तिलाही हवेची वाट हवी, नाहीतर अर्ध्या तासात जीव घुसमटतो.

शेवटचं खिडक्यांचं, कारण तिथंच सगळे पैसे वाचवतात. दोन ट्रॅकची स्लाइडिंग बसवली की खिडकी कायम निम्मीच उघडते. जाळी नसेल तर डासांमुळं मुलं तीही लावून घेतात, आणि मग गॅलरी काय नि व्हेंटिलेटर काय, काहीच कामाला येत नाही. पूर्ण उघडणारी झडपांची खिडकी घ्या, आतून काढता येणारी जाळी घ्या. सगळ्या इमारतीची ऑर्डर देण्याआधी फॅब्रिकेटरकडून एकच खिडकी बसवून घ्या, जाळी काढून धुऊन परत लावून बघा, आणि हे काम एखाद्या कॉलेजच्या मुलाला करायला सांगा. त्याला ते दोन मिनिटांत जमलं तरच बाकीच्या मागवा.