प्रायमरीत मत द्यायचं असेल तर पक्षाचा रकाना आत्ताच तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि जुना राग पुन्हा वर आला. म्हणून उत्तर लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ झाली, पेन्सिल्व्हेनियात मतदार नोंदणी झाली, पक्षाच्या रकान्यात 'कोणताही नाही' असं लिहिलं. आता 2028 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार मतदार ठरवतात त्या निवडणुकीत, मत द्यायचंय, पण पक्षाचं नाव लावायची भीती वाटते आणि 'आपलं राज्य येईपर्यंत सगळं ठरलेलंच असतं' असं मैत्रीण म्हणते. नोंदणी कशी करायची वगैरे तुम्हाला कळलेलंच आहे, त्यात मी शिरत नाही. मी वकील नाही. नियम दर राज्यात वेगळे असतात आणि दर निवडणुकीला बदलतात, त्यामुळे माझ्या भरवशावर न राहता राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा खात्री करा.

आधी भीतीबद्दल. पक्षाची नोंद म्हणजे सभासदत्व नव्हे. वर्गणी नाही, बैठका नाहीत, नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत कोणालाही मत द्यायला तुम्ही मोकळ्या. भावंडांच्या व्हिसाची काळजी लिहिली आहे, तर नातेवाइकांसाठीच्या अर्जात तुमचा पक्ष विचारतच नाहीत. त्रास होतो तो इतकाच की ही नोंद प्रचारवाल्यांच्या याद्यांत जाते आणि फोन, पत्रकं यांचा मारा सुरू होतो. तेवढं सोसायचं. पेन्सिल्व्हेनियाची प्रायमरी बंद प्रकारची आहे, म्हणजे त्या पक्षाची नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. रकाना कोरा असेल तर उमेदवार निवडायची मतपत्रिका मिळत नाही, आणि तो बदलायची मुदत मतदानाच्या 15 दिवस आधी संपते. टेक्सासला पक्षाची नोंदच नसते, तिथे त्या दिवशी हवी ती मतपत्रिका मागता येते. तिथल्या मित्राचा जो सल्ला तुम्ही लिहिलाय, तो तुमच्या उपयोगाचा नाही.

आता माझं. राज्याचं आणि काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नाव मुद्दाम लिहीत नाही. माझंही राज्य बंद प्रायमरीचं होतं आणि माझा पक्ष वर्षानुवर्षं नीट नोंदलेला होता. घर बदललं, काउंटी बदलली, म्हणून गाडीच्या लायसन्सच्या कार्यालयात पत्ता बदलला. तिथे पडद्यावर प्रश्न आला, मतदार यादीतलाही पत्ता बदलायचा का? हो म्हटलं. 1993 च्या कायद्यापासून ही सोय आहे आणि सोय चांगलीच आहे. पुढे 2016 च्या प्रायमरीला केंद्रावर गेले तर यादीत माझं नाव होतं, पक्ष नव्हता. टेबलावरच्या बाई भल्या होत्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. त्यांनी तात्पुरती मतपत्रिका (पात्रता तपासून मगच मोजतात ती) दिली, ती भरून पाकिटात घातली. हा हक्क 2002 च्या कायद्याने जवळपास सगळ्या देशात आहे, कोणी 'घरी जा' म्हणालं तर जाऊ नका.

त्यानंतरची टोलवाटोलवी आठवली की अजून संताप होतो. काउंटीचं निवडणूक कार्यालय म्हणालं, लायसन्सवाल्यांनी जे पाठवलं तेच आम्ही चढवलं. लायसन्सवाले म्हणाले, आम्ही फक्त पत्ता पाठवतो, पक्ष आमचा विषय नाही. राज्याच्या कार्यालयाने पुन्हा काउंटीकडे बोट दाखवलं. फोनवर प्रत्येक जण गोड बोलायचा आणि हात झटकायचा. शेवटी पत्र आलं की मत बाद, कारण मतदार पक्षाशी संलग्न नाही. ज्या चुकीची तक्रार मी करत होते, तीच चूक मत बाद करायचं कारण म्हणून मला परत पाठवली! तोवर मोजणी संपून निकाल लागला होता. मी हट्टाने, लेखी अर्ज करून, त्यांच्याकडे पोचलेल्या नोंदीची प्रत मागितली. ती हातात आल्यावर उलगडा झाला. जुन्या काउंटीतून नव्या काउंटीत आल्यामुळे पत्ताबदल हा 'नवीन नोंदणी' म्हणून घेतला गेला होता आणि नव्या नोंदणीत पक्षाचा रकाना रिकामा सोडला होता. दुरुस्ती झाली, दिलगिरी कोणी व्यक्त केली नाही. एका नागरिकाचं मत गेलं याचं त्या खिडकीतल्या कोणालाच काही वाटलं नाही, हे मला आजही सहन होत नाही.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: लायसन्स, पत्ता, आडनाव, काहीही बदललं की दोन-तीन आठवड्यांनी राज्याच्या संकेतस्थळावर आपली नोंद उघडा, पक्षाचा रकाना बघा, पडद्याचा फोटो काढून ठेवा. तुमच्या राज्यात 2023 च्या सप्टेंबरपासून लायसन्स काढताना नोंदणी आपोआपच पुढे येते, म्हणजे काळजी दुप्पट घ्या. प्रायमरीच्या महिनाभर आधी पुन्हा बघा. तक्रार करायची तर फोनवर नको, लेखी करा आणि प्रत मागा. आपल्या मराठी नावांचा वेगळा घोळ असतो. मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, पासपोर्टवर एक आणि लायसन्सवर दुसरं. सगळीकडे एकच रूप ठेवा, आणि टपाली मतदानाच्या पाकिटावर फाइलमध्ये आहे तशीच सही करा.

मैत्रिणीच्या म्हणण्याबद्दल. अर्धं खरं आहे. सध्याच्या कायद्याप्रमाणे तुमची प्रायमरी एप्रिलच्या चौथ्या मंगळवारी येते आणि बऱ्याच वेळा तोवर एकच उमेदवार उरलेला असतो. पण 2008 आठवा. 22 एप्रिलला पेन्सिल्व्हेनियात मतदान झालं तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि ओबामा यांची लढत पूर्ण तापलेली होती, आणि त्या मतासाठी कितीतरी लोकांनी आधी पक्षाची नोंद बदलली होती. ट्रम्प दोनदा निवडून आलेत, म्हणून घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीमुळे 2028 ला पुन्हा निवडून येऊ शकत नाहीत, म्हणजे दोन्ही पक्षांत जागा मोकळी. अशा वर्षी मैदान उशिरापर्यंत भरलेलं राहू शकतं. डेमोक्रॅटिक पक्षात किमान 15 टक्के मतं मिळवणाऱ्यांत डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मतांच्या प्रमाणात वाटले जातात, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाला दिलेलं मतही वाया जात नाही. रिपब्लिकन पक्षात मार्चच्या मध्यानंतर अनेक राज्यांत जिंकणारा सगळे डेलिगेट नेतो. तुम्ही कोणत्या बाजूच्या आहात ते मला विचारायचं नाही, पण हा फरक धरून हिशेब करा.

डेलिगेटांची नावंही वाचा. लोक वरचं एक नाव भरून निघून जातात. 2016 ला पेन्सिल्व्हेनियाच्या रिपब्लिकन प्रायमरीत 71 पैकी 54 डेलिगेट मतपत्रिकेवर थेट निवडायचे होते, ते कोणालाच बांधील नव्हते आणि ते कोणाच्या बाजूचे हे मतपत्रिकेवर छापलेलंही नव्हतं. त्याच वर्षी इलिनॉयमध्ये ट्रम्प यांच्याच यादीतल्या, परकी वाटणाऱ्या नावांच्या डेलिगेटांना बाकीच्यांपेक्षा कमी मतं पडली आणि त्यापायी त्यांचे काही डेलिगेट गेले. आपली नावं कशी वाचली जातात हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून हे मला फार लागलं. आणि 2024 मध्ये 21 जुलैला बायडन यांनी माघार घेतली तेव्हा प्रायमऱ्या संपल्या होत्या. हॅरिस यांचं नाव पक्कं केलं ते डेलिगेटांनीच.

आणखी एक, टपाली मतपत्रिका प्रायमरीत फार लवकर पाठवू नका. 2020 ला सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत प्रायमरी असते तो मंगळवार, होता 3 मार्चला. डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी बूटजज 1 तारखेला आणि क्लोबुशार 2 तारखेला बाहेर पडले. कॅलिफोर्नियात ज्यांनी आधीच पाकिटं टाकली होती त्यांना मत फिरवता आलं नाही. शेवटच्या आठवड्यात स्वतः नेऊन द्या. नोव्हेंबरात उलट, तेव्हा जितकं लवकर तितकं बरं.

'जो जिंकू शकेल त्यालाच द्या' हा सल्ला तुम्हाला खूप लोक देतील. माझं मत स्पष्ट विरुद्ध आहे. प्रायमरी ही मनातला माणूस सांगायची जागा आहे, जिंकण्याचा हिशेब नोव्हेंबरात करावा. आपल्याकडे एबी फॉर्म कोणाला मिळतो हे सामान्य कार्यकर्त्यालाही विचारत नाहीत. इथेही 1968 साली तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले होते. त्यांना उमेदवारी देणाऱ्या शिकागोच्या पक्ष-अधिवेशनातल्या आगडोंबानंतर नियम बदलले आणि ही निवड मतदारांच्या हातात आली. मिळालेला हक्क दुसऱ्याच्या अंदाजावर ओवाळून टाकू नये असं मला मनापासून वाटतं. पटलं नाही तर सोडून द्या.

खालच्या पदांसाठीही हेच लागू आहे. आपले बेळगावचे श्री ठाणेदार 2022 ला मिशिगनमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, गेले, ते नऊ जणांच्या प्रायमरीत साधारण 28 टक्के मतं घेऊन. डेमोक्रॅटिक पक्षाच्या बालेकिल्ल्यात खरी निवड तिथेच झाली. तुमच्या मतदारसंघातही असं असू शकतं, बघून ठेवा.

तुमचे यजमान अजून ग्रीन कार्डवर आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांनी लायसन्सच्या काउंटरवर मतदार नोंदणीच्या प्रश्नाला न चुकता 'नाही' म्हणायचं, मागचा माणूस घाई करत असला तरी पडदा पूर्ण वाचायचा, आणि बाजारात टेबल लावून बसलेल्या स्वयंसेवकांच्या नोंदणी अर्जावर सही करायची नाही. नागरिक असल्याचा चुकीचा दावा कागदावर आला तर पुढे त्यांचं नागरिकत्व, अगदी इथलं राहणंही अडचणीत येऊ शकतं. अशी सही आधीच झाली असेल तर इथे विचारत बसू नका, आधी इमिग्रेशनचा वकील गाठा.