पाळकीणबाईंना विचारा : सही केली नाही, मग आनंद कुठे आहे?

प्रश्न : पाळकीणबाई, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी मूळचा शेवगाव तालुक्यातला. भोसरीला एका कारखान्यात स्टोअरला होतो. भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराने काट्यावरचं वजन कमी दाखवून पावतीवर सही मागितली. गाडीमागे माझा वाटा ठरलेला. मी नाही म्हणालो. महिन्याभरात मला स्टोअरमधून उचलून रात्रपाळीला डिस्पॅचमध्ये टाकलं. माझ्या जागी जो आला तो सही करतो. त्याने लाल रंगाची चारचाकी घेतली, सगळ्यांना पेढे वाटले, दिवसभर हसत फिरतो. मी मंडळीला दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, द्यायला चुकवत नाही, मुलांची शब्बाथशाळा घेतो, दारू-तंबाखूला कधी शिवलो नाही. तरी आतून कोरडा पडलोय. झोप लागत नाही. मिसेसना यातलं काही सांगितलेलं नाही, त्यांना वाटतं नेहमीची बदली आहे. मध्यंतरी मंडळीत आलेले पाहुणे प्रचारक म्हणाले, ज्याच्या घरात आनंद नाही त्याच्या विश्वासात खोट आहे. विश्वासाने आणि नीतीने वागलं की कायमचा आनंद मिळतो, असं मीच मुलांना शिकवतो. मग मला का मिळाला नाही?
— एक वाचक, भोसरी

उत्तर : भाऊ, सलाम. आधी त्या पाहुण्यांचं बघू. "तुझ्यावर ही वेळ आली म्हणजे तुझंच काहीतरी चुकलं असणार" असं सांगणारे तिघे बायबलमधल्या ईयोबालाही भेटले होते. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो त्या तिघांवर, आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी असं सांगतो. प्रचारकांना पुष्कळदा पुढच्या गावची एसटी गाठायची असते, शेवटच्या अध्यायापर्यंत पोचायला वेळ नसतो. त्यांचं ते वाक्य तुम्ही डोक्यातून काढून टाका.

आता तुमचं. स्तोत्रसंहितेतलं ७३वं स्तोत्र उघडा. आसाफ नावाच्या गायकाचं आहे. तुमचंच पत्र त्याने लिहिलंय असं वाटेल. दुष्टांचं सगळं सुरळीत चाललेलं पाहून त्याच्या पोटात दुखतं. त्यांची अंगं कशी धष्टपुष्ट आहेत, त्यांना कसली म्हणून ददात नाही, हे तो ओळीमागून ओळ सांगत राहतो. आणि मग म्हणतो की मी माझं मन शुद्ध ठेवलं, हात निर्दोष ठेवले, ते सगळं फुकटच गेलं. देवाच्या पुस्तकात हे वाक्य छापलेलं आहे, भाऊ. तुम्ही मनात म्हणालात तर आभाळ कोसळत नाही.

पुढे आसाफ देवाच्या मंदिरात जातो आणि तिथे त्याची नजर बदलते. दुष्टांचा शेवट काय होतो ते त्याला दिसतं. हे सगळे सांगतात. पण स्तोत्राचा शेवट तिथे नाही. शेवटी तो देवाशी बोलतो : तू माझा उजवा हात धरला आहेस, तुझ्याजवळ असणं हेच मला बरं. त्याला त्या लोकांसारखं घर-दार मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. परिस्थिती होती तशीच राहिली.

तुम्ही मात्र आनंद पगारासारखा मागताय. इतकी वर्षं हजेरी भरली, एकही खाडा नाही, आता द्या. आणि न मिळाल्यावर शेजारच्याच्या पाकिटात डोकावताय. मी तुम्हाला दोष देत नाही, चांगल्या माणसांचं हे असंच होतं. वाईट माणसाला हिशेब ठेवायला फुरसत नसते.

तुमच्या धंद्यातलाच एक माणूस दाखवते. यरीहोचा जक्कय, जकातदारांचा मुख्य. उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू त्याला खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मी तुझ्याकडे उतरणार. जक्कय उतरून आनंदाने त्याचं स्वागत करतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने ते 'आनंदाने' तिथेच लिहिलंय, १९व्या अध्यायात. त्या क्षणापर्यंत जक्कयने कोणाची एक दमडी परत केलेली नाही. मग तो उभा राहतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं असेल त्याला चौपट. हा क्रम बघा. आधी कोणीतरी त्याच्या घरी जेवायला आलं. हात त्यानंतर मोकळा झाला. आपण शब्बाथशाळेत मुलांना नेमकं उलटं शिकवतो : आधी चांगला वाग, मग येशू तुझ्याकडे येईल. मुलंही बिचारी मान हलवतात.

पंडिता रमाबाईंचंही असंच झालं होतं. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवलंय की, त्यानंतर जवळजवळ ८ वर्षं त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. या काळात बाई हातावर हात ठेवून बसल्या होत्या का? १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुण्याला हलवलं, विधवा मुलींना शिकवलं, वर्तमानपत्रांचा मार खाल्ला. विद्वत्ता अशी की संस्कृतातल्या शास्त्र्यांनी 'पंडिता' म्हणावं. तरी आत काहीतरी रिकामं होतं, आणि ते रिकामं आहे असं म्हणायला त्या लाजल्या नाहीत. तेव्हा कोरडेपणा आला म्हणजे विश्वास संपला असं समजू नका.

पण मला तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट खटकली. त्या माणसाच्या गाडीचा रंगसुद्धा तुम्ही लिहिलात. पत्नीचा उल्लेख एकदाच, तोही 'त्यांना सांगितलेलं नाही' एवढ्यापुरता. आयुष्यातली सगळ्यात धीराची गोष्ट केलीत आणि ती दाबून ठेवलीत, जशी काही चोरी तुम्हीच केली.

आमच्या घरातलं सांगते. पाळकसाहेब तेव्हा नेवासे भागात होते. मंडळीतला एक पैसेवाला गृहस्थ मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर जन्मतारीख बदलून मागायला आला. नोकरीसाठी वय कमी हवं होतं. यांनी नाही सांगितलं. हंगामाच्या सणाला दरवर्षी त्या घरून दोन पोती बाजरी यायची, त्या वर्षी आली नाही. आणि आमचा पगार तर कधीच वेळेवर होत नसे. यांनी रात्री जेवताना सगळं सांगितलं. मी आधी भडकले. मग विचारलं, त्याने दाखल्यावर नक्की कुठलं साल मागितलं? ते साल ऐकल्यावर कळलं, त्याप्रमाणे मुलगा आईबापांच्या लग्नाआधीच जन्माला आला असता! ठसका लागेपर्यंत हसलो आम्ही. पिठलं-भाकरीच होती पानात. बाजरी नंतरही आली नाही.

तर आज रात्री, म्हणजे तुमची पाळी संपेल त्या सकाळी, पत्नीला सांगा. त्या चिडतील कदाचित. पैशाची ओढाताण त्याही सोसतायत, आणि कारण माहीत नसताना सोसतायत. चिडायचा त्यांचा हक्क आहे. नंतर मंडळीतल्या एखाद्या भरवशाच्या पंचालाही सांगा. फिलिप्पैकरांस पत्रात पौल म्हणतो की आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. हे वाक्य भिंतीवर लावायला सगळ्यांना आवडतं. पण त्याच्या आगेमागेही वाचा : माणूस बंदिवासात आहे, आणि मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पाठवलेल्या मदतीबद्दल तो आभार मानतोय. समाधानी माणसालाही कोणीतरी मदत पाठवावी लागली, आणि ती त्याने संकोच न करता घेतली.

त्या लाल गाडीवाल्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा. पहिले काही दिवस दात-ओठ खाऊन होईल, तशीच करा. आणि महिन्यातून एकदा काहीतरी असं द्या की जे दशमांशाच्या पाकिटावर लिहिलं जाणार नाही. तुमच्या लाइनवरच्या एखाद्या कंत्राटी पोराला जेवू घाला, सोबत बसून.

झोपेचं वेगळं. रात्रपाळीने शरीराचं घड्याळ बिघडतंच, पण आठवडेच्या आठवडे झोप नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास उणा होत नाही. लूक स्वतः वैद्य होता.

प्रश्न : माझे मिस्टर आठ महिन्यांपूर्वी गेले. महिला संघातल्या बहिणी प्रेमळ आहेत, पण रडू आलं की म्हणतात, "ते प्रभूजवळ आहेत, तुम्ही आनंद केला पाहिजे, नाहीतर बाहेरच्यांना काय साक्ष जाईल?" आता नाताळ येतोय. मुलं म्हणतात चांदणी लावू. मला ना फराळ करावासा वाटत, ना चांदणी बघवत. हा अविश्वास आहे का?
— मिरजेहून एक भगिनी

उत्तर : ताई, नाही.

लाजराच्या कबरेशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण याला मेलेल्यांतून उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी रडला. त्या वेळी महिला संघातलं कोणी तिथे असतं तर त्यालाही साक्षीची आठवण करून दिली असती की काय, कोण जाणे. रागावू नका बहिणींनो, मी स्वतः कितीतरी वर्षं महिला संघाची चिटणीस होते, आपल्याला रडणाऱ्या बाईपुढे गप्प बसणं जमत नाही हे मला माहीत आहे. रोमकरांस पत्रात पौलाने आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा म्हटलंय आणि त्याच दमात शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असंही म्हटलंय. पहिला अर्धा पाळायला सोपा आहे, कारण तिथे केक असतो.

पुन्हा रमाबाईंकडे जाते, मला त्यांच्याशिवाय सुचत नाही. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८२ मध्ये, नवरा पटकीने गेला. कडेवर लहानगी मनोरमा. तीच मनोरमा पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांचा उजवा हात झाली, आणि १९२१ च्या जुलैमध्ये तीही गेली, आईच्या आधी. रमाबाईंनी त्यानंतर काय केलं? हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत पवित्र शास्त्र आणायचं काम हातात होतं, ते करत राहिल्या. मुक्तीतल्या बायकांनीच त्याची छपाई केली. ते काम हातावेगळं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. त्या शेवटच्या महिन्यांत त्या आनंदी होत्या असं मी म्हणणार नाही. लेक गेल्यावर कोण असतं? पण त्या सकाळी उठत होत्या, आणि ज्याच्यासाठी उठत होत्या त्याच्यावर त्यांचा भरवसा होता. मला विचाराल तर टिकाऊ म्हणतात ते हेच. चेहऱ्यावर दिसेलच असं नाही.

चांदणी मुलांना लावू द्या. त्यांचेही वडील गेलेत, त्यांना घर पुन्हा घरासारखं दिसायला हवंय. तुम्ही वर बघितलं नाही तरी चालेल. करंज्या या वर्षी विकत आणा, आणि शेजाऱ्यांना ताट द्यायला मुलांना पाठवा. २५ तारखेच्या उपासनेला जावंसं वाटलं तर शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसा. गीत सुरू झालं आणि गळा भरून आला तर बाहेर पडता येतं. आणि कोणी म्हणालं "आनंद करा", तर "तुम्ही माझ्या वाटचा करा, मी पुढच्या वर्षी फेडते" असं सांगा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, संगमनेरला कॉलेजात. आमच्या घरी ख्रिस्ती जीवन म्हणजे फक्त 'करू नको'ची यादी : सिनेमा नको, वरातीत नाच नको, मित्रांबरोबर रात्री बाहेर नको. सुख स्वर्गातच मिळणार असेल तर इथे काय करायचं?
— एक तरुण

उत्तर : बाळ, योहानाच्या दुसऱ्या अध्यायातलं काना गावचं लग्न वाच. द्राक्षारस संपला तेव्हा येशूने पाण्याचा द्राक्षारस केला : सहा दगडी रांजण, तेही काठोकाठ भरलेले. लग्नघराला लागेल तेवढंच बेताने करावं, असा हात आखडता घेतलेला दिसत नाही त्याने. येशूला लोक खादाड म्हणायचे, तेही मत्तयात आहे, ११व्या अध्यायात. लग्नातून आणि जेवणावळींतून तो उठून गेला नाही.

म्हणून तुझ्या आईवडिलांची यादी मी फाडून टाकते असं समजू नकोस. वरातीत नाचायला माझी हरकत नाही, नाचणाऱ्यांच्या खिशातल्या बाटलीला आहे, आणि तुझ्या आईची भीती तीच असणार. तिला सरळ विचार. सिनेमा बघ, फक्त तिकिटाचे पैसे कोणाचे ते मला कळव. आणि मित्राने तुझ्यासाठी कॉलेजात प्रॉक्सी हजेरी लावली असेल तर आधी ते थांबव, बाकीचं आपण पुढच्या अंकात बोलू.