तांबेरा काळा असतो?

प्रश्न असा आला आहे: पिकावरच्या बुरशीच्या एका रोगाला तांब्यावरून ‘तांबेरा’ म्हणतात, मग गव्हाचा ‘काळा तांबेरा’ हा प्रयोग चुकीचा नाही का? आणि ‘गेरवा’ हा वेगळा रोग आहे का?

गेरव्याचं आधी सांगतो. तो तांबेराच. एकाला तांबं आठवलं, दुसऱ्याला गेरू. महाबळेश्वरच्या संशोधन केंद्राच्या नावात ‘गहू गेरवा’ आहे, शेतात मात्र ‘तांबेरा पडला’ हेच जास्त ऐकू येतं.

‘काळा तांबेरा’ हा प्रयोग मला अतिशय नेमका वाटतो. रोग लागलेल्या गव्हाच्या काडीवर लांबट फोड येतात, साल फाटते. त्यावरून अंगठा फिरवा, विटकरी भुकटी लागते. हे बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बियाणंच. पीक पिकायला लागलं की त्याच फोडांत जाड कवचाचे काळे बीजाणू तयार होतात आणि काडी काळी दिसू लागते. म्हणजे तोच तांबेरा, पुढच्या अवस्थेतला. काळी भुकटी काडीवर नसून कणसात दाण्याच्या जागी असेल, तर ती काणी किंवा काजळी. तो रोग निराळा, बुरशीही निराळी.

या काळ्या बीजाणूंवरूनच बुरशीची प्रजाती (जीनस) ठरते. सूक्ष्मदर्शकाखाली एका देठावर एकावर एक अशा दोन पेशी दिसल्या, तर ती बहुधा पक्सिनिया. १७२९मध्ये इटलीतल्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने फ्लॉरेन्सच्या पुच्चिनी या अध्यापकाच्या सन्मानार्थ हे नाव योजलं. एकच पेशी असेल तर युरोमायसिस, आपल्या हरभऱ्यावरचा तांबेरा त्यातला. सोयाबीनवरचा फॅकोप्सोरा, कॉफीवरचा हेमिलिया. प्रजाती चार, पण गण (ऑर्डर) एकच, म्हणून मराठीने सगळ्यांना एका शब्दात घेतलं ते शास्त्रालाही धरून आहे. उलट पानावरच्या नारिंगी तांबेऱ्याचं शास्त्रीय नाव रुबिगो-वेरा, रिकाँडिटा, ट्रिटिसिना असं बदलत गेलं. त्यातल्या ‘रुबिगो’चा लॅटिन अर्थ गंज, म्हणजे तिकडेही नजर धातूकडेच गेली होती.

गव्हावर पक्सिनियाच्या तीन जाती येतात. पिवळ्या तांबेऱ्याला थंडी लागते, तो पंजाबात आणि हिमालयाच्या पायथ्याशी. महाराष्ट्रात नारिंगी आणि काळा. युरोपात काळ्याचं अर्धं आयुष्य दारुहळदीच्या जातीच्या एका झुडपावर जातं, हे डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५मध्ये दाखवलं. आपल्याकडे तसं होत नाही. आग्र्याचे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं खपून सिद्ध केलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू मरतात, डोंगरांतल्या गव्हावर तगतात आणि तिथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली येतात. दक्षिणेत ते डोंगर म्हणजे निलगिरी आणि पळणी.

माझा आक्षेप आहे तो मोहरीच्या ‘पांढऱ्या तांबेऱ्या’ला. तो इंग्रजी नावाचा शब्दशः तर्जुमा आहे. त्यामागचा जीव, अल्ब्युगो, खऱ्या बुरश्यांतही मोडत नाही. त्याचं नातं द्राक्षावरच्या केवडा या रोगाच्या जीवाशी. तिथे मी सरळ ‘मोहरीवरचे पांढरे फोड’ म्हणेन.